सहाव्या हाताचा दिवा

तारीख ९ फेब्रुवारी १९७४. जागा — शेलूबाजार, हमरस्त्याच्या कडेचं आमचं सरकीचं गोदाम. रक्कम — साठ रुपये, तीन दिवसांचं भाडं, वीज वेगळी. हजर असलेली माणसं — मी, दिगंबर नावाचा चित्रकार, त्याच्याबरोबर आलेले दोन परदेशी पाहुणे, इंझोरीचे पुंजाजी, आणि गोदामातून घरात उघडणाऱ्या दाराच्या आत पाटावर बसून तूर निवडत असलेल्या माझ्या वहिनी.

हे सगळं आधीच मांडलं, कारण या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो आणि माझी एकच तक्रार असते — लिहिणारा नक्की काही सांगतच नाही. 'एका गावी', 'अमावास्येच्या सुमारास', 'कुणीतरी'... असल्या मालाला मी बाजारात हात लावणार नाही. माझं वय आता सत्तेचाळीस. धंदा सरकी आणि ढेपेचा. भूत, भानामती, अंगात येणं यातलं मी कधी काही मानलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही मानत नाही. तरी जे झालं ते झालं. ते भाडं ठरल्यावर दोन दिवसांनी, अकरा तारखेला, भर दिवसा झालं, दुपारी साडेचारच्या सुमारास, वीस-पंचवीस माणसांत. म्हणून जसं झालं तसं लिहितो. अर्थ तुम्ही लावा.

आधी वहिनींविषयी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. वहिनी या घरात आल्या तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आई आधीच गेली होती. माझे केस विंचरणं, माझी पाटी पुसणं, मला ताप आला की कपाळावर ओलं फडकं ठेवणं, हे सगळं त्यांनी केलं. माझं पुढे लग्न झालं, मुलं झाली, पण मला 'बापू' म्हणून हाक मारणारं माणूस एकच राहिलं. दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, १९७२ सालच्या पोळ्याच्या आधी वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यानंतर वहिनी हळूहळू मागच्या खोलीत जाऊन बसल्या. जेवायला येत, काम करत, पण कुणी काही विचारलं की "मले काय इचारता, तुमचं तुमी पाहा," एवढंच म्हणत. चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीला त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "बापू, भावाचा निरोप आला कारंज्याहून. मी तिकडंच राह्यतो आता. इथं माह्यं काय अडलं हाय?"

माझी बायको रडली, मुलं रुसली. मी मात्र काही बोललो नाही. मला ते जमतच नाही. सरकीचा भाव मी तासभर बोलू शकतो, पण 'जाऊ नका' हे दोन शब्द घशातून वर येत नाहीत. मी एवढंच केलं की जीप ठरवली. बारा फेब्रुवारीला सकाळी, कारंज्यापर्यंत, पाच रुपये इसार.

अशा दिवसांत दिगंबर उगवला.

तो रिठदच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. मुंबईला चित्रकला शिकला, मग दोन वर्षं हॉलंडात राहून आला. त्याच्याबरोबर एक मेटॅडोर भरून सामान होतं, शिवाय इंगे नावाची उंच डच बाई आणि केनजी नावाचा जपानी तरुण. नागपूरला प्रदर्शन करून ते मुंबईकडे चालले होते. दिगंबरच्या मनात आलं की वाटेत आपल्या भागातल्या लोकांनाही दाखवावं, आणि रस्त्याला लागून एवढं मोठं रिकामं गोदाम आमचंच होतं.

"काका, कलेचं प्रदर्शन हाय. सात-आठ देशांतल्या लोकांचं," तो म्हणाला. "पन चित्रं नाईत."

"मंग दाखवशील काय?"

"ऐकाले आवाज हाय. पाहाले टीव्ही हाय. आन् हात हायेत."

पुंजाजी दारात बसले होते. हे दादांचे दोस्त, बैलांचे दलाल, जिभेला हाड नाही. ते म्हणाले, "हात तं आमच्याजवळ बी हायेत बापा. आमी बी तिकीट लावतो मंग."

"तिकीट नाई पुंजाजी, फुकट हाय."

"फुकट? मंग नक्की काई विकून राह्यला हा."

भाड्याची गोष्ट निघाली तेव्हा मी सवयीने खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांचे हात एका कपड्याखाली जातात. समोरच्याची जितकी बोटं धरली तितके दहा, किंवा तितके शंभर, जसा माल असेल तसं; पाचाच्या वर असेल तर दोनदा धरायची. आजूबाजूच्यांना काही कळत नाही. धान्याच्या बाजारात ही पद्धत आता बंद आहे आणि ते बरंच झालं, पण हाताची सवय काही जात नाही. दिगंबरही शेतकऱ्याचाच मुलगा, त्याने हात आत घातला. मी नऊ सांगितले, त्याने चार. मी आठ, तो पाच. मग मी हात काढून घ्यायला लागलो...

"तुया दादा असता तं त्यानं आता करंगळी धरली असती," पुंजाजी म्हणाले.

ही दादांची खोड सगळ्या बाजाराला माहीत होती. सौदा फिसकटतो आहे असं दिसलं की ते भाव सांगणं सोडून समोरच्याची करंगळी नुसती धरून ठेवत. अर्थ असा, की उठू नको, बस, अजून बोलू. माणूस हसायचा आणि बसायचा. मला ती खोड कधी साधली नाही. असो, साठावर ठरलं.

इंगेबाई हे सगळं डोळे मोठे करून पाहत होती. तिने दिगंबरला काहीतरी भराभर विचारलं. त्याने सांगितल्यावर ती माझ्याजवळ आली, दुपट्टा स्वतःच्या हातावर टाकला आणि माझ्यापुढे धरला. तिला काही तरी विकत घ्यायचं होतं म्हणे, काय ते महत्त्वाचं नाही. मी तिची दोन बोटं धरली. तिने माझी सगळी पाचही धरली.

पुंजाजी म्हणाले, "हिले बाजारात नका नेऊ. शिंगाचे बी पैसे देऊन येईल."

संध्याकाळी त्यांना आमच्याकडेच जेवायला बोलावलं. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवतो. साडेपाचला ताटं वाढलेली पाहून पाहुण्यांना वाटलं हा चहाच्या वेळचा फराळ आहे. ते दोन-दोन घास खाऊन थांबले. नंतर रात्री आठला दिगंबर हळूच विचारायला आला की 'मुख्य जेवण' किती वाजता आहे. माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला. वहिनी मागच्या खोलीतून म्हणाल्या, "लेकरं उपाशी राह्यली का रे? त्याईले दूध तं दे." संक्रांतीचं ते बोलणं सोडलं, तर दादा गेल्यापासून त्या स्वतःहून बोललेलं हे मला आठवणारं पहिलंच वाक्य. दूध दिलं, गूळ दिला, पाहुणे खूश झाले.

इंगेबाईचे हात म्हणजे काय ते आता सांगतो. तिने नऊ वेगवेगळ्या माणसांच्या उजव्या हातांचे साचे घेऊन प्लॅस्टरचे हात केले होते. ते एका लांब फळीवर ओळीने बसवलेले होते, बोटं सरळ, हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखे. प्रत्येकाच्या तळव्यावर पितळेची पातळ पत्री होती आणि फळीवर, त्या त्या हाताच्या वर, एक छोटा दिवा. माणसाचा हात पत्रीला टेकला की दिवा लागतो. वायरिंग केनजीचं होतं. गेली दोन वर्षं ती हे काम उघडंच दाखवत होती. लोक येत, हात मिळवत, दिवा लागला की हसत, पुढे जात. दुपट्ट्याखालचा सौदा पाहिल्यावर तिने ठरवलं की इथे हे हात झाकायचे. नऊ हातांवर नऊ दुपट्टे.

आठ गावातून गोळा झाले. एक कमी पडत होता. मी माझा काढून देणार, एवढ्यात दाराआडून वहिनींचा आवाज आला — "थांबा." त्या मागच्या खोलीत गेल्या. त्यांची पेटी भरून तयार होती, झाकण उघडंच होतं. त्यातून त्यांनी दादांचा हिरव्या काठाचा दुपट्टा काढून आणला.

"वैनी, हा कायले?" मी म्हटलं.

"पेटीत घालून नेऊन काय करू? कामी येऊन राह्यला तं येऊ द्या."

तो सहाव्या हातावर पडला. कुणी ठरवून टाकला नाही. पाचांवर आधी पडले होते, म्हणून सहावा. खाली दिगंबरने मराठीत चिठ्ठी लावली होती — 'पाव भाजणारा, हॉलंड'.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आजूबाजूच्या गावांचे लोक आले, बैलगाड्यांनी रस्त्याची कड भरली. गोदामात केनजीने टेपची लांब पट्टी खांबांना वळसे घालून पुन्हा मशीनपर्यंत आणली होती. दारात तुम्ही जे बोलाल ते थोड्या वेळाने आतल्या कर्ण्यातून ऐकू यायचं. पुंजाजी दारातच ओरडले, "हे काय सर्कस हाय काय?" आणि आत आले. कर्ण्याने त्यांना त्यांच्याच आवाजात विचारलं, "हे काय सर्कस हाय काय?" ते कर्ण्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कोन हाय बे तू? समोर ये." लोकांची हसून पुरेवाट झाली. टीव्हीच्या पेटीत माणसाला स्वतःची पाठ दिसायची, कारण कॅमेरा मागे होता. एक म्हातारी बराच वेळ उभी राहून पाठीवरचा पदर नीट करत होती. "मांगून मी अशी दिसतो काय? कोनी सांगतलं बी नाई आजपर्यंत." एका भिंतीवर देशोदेशीच्या कलावंतांनी टपालाने पाठवलेली पाकिटं होती, कुठे नुसता शिक्का, कुठे अर्धं चित्र. तिथे सगळ्यात जास्त वेळ आमचा पोस्टमन उभा राहिला. "एवढ्या लांबून आलं, पन तिकीट एक बी फाटलं नाई," हे त्याचं मत.

आणि हातांपाशी तर रांगच लागली. आमच्या लोकांना कपड्याखाली हात दिसला की ते हस्तांदोलन कशाला करतील? सरळ सौदा. एकाने आठव्या हाताशी जर्सी गाईचा भाव केला. दुसरा म्हणाला, "हा माणूस लय कडक हाय, बोटं वाकवतच नाई." दिवे लागत, विझत, हशा पिकत होता. इंगेबाई कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत होती. दिगंबर म्हणाला, तिचं काम एवढ्या उत्साहानं आणि एवढ्या गंभीरपणे कुणी हातात घेतलं नव्हतं.

मीही नऊच्या नऊ हातांत हात घालून पाहिला. मुद्दाम, कारण भाडेकरूने जागेत काय ठेवलं आहे ते पाहणं माझं काम. प्लॅस्टर म्हणजे प्लॅस्टर — थंड, खरबरीत, दगडासारखं. नऊही दिवे लागले. सहावाही लागला. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवा.

अकरा तारीख, शेवटचा दिवस. दुपारी गर्दी ओसरली होती, तरी वीस-पंचवीस माणसं होती. माझ्या बायकोने वहिनींचा हात धरून त्यांना आणलं. "उद्या जाता, तं हे तरी पाहून जा," म्हणाली. वहिनी दीड वर्षात पहिल्यांदा गोदामात येत होत्या. टेपपाशी त्या काही बोलल्याच नाहीत. टीव्हीत आपली पाठ पाहून म्हणाल्या, "वाकली बाई मी." मग हातांपाशी आल्या. दादांचा दुपट्टा दिसला, तशा थांबल्या.

"काय करा लागते इथं?"

"हात मिळवायचा," दिगंबर म्हणाला. "घाबरू नका काकू, प्लॅस्टरचा हाय."

त्यांनी उजवा हात दुपट्ट्याखाली घातला. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा होतो, हातभर अंतरावर. दिवा लागेल म्हणून माझी नजर वरच होती. दिवा लागला नाही. मला वाटलं, हात पोचला नसेल. खाली पाहिलं तर वहिनींचा हात मनगटाच्या वरपर्यंत आत होता. त्यांचा चेहरा बदलला. कसा ते मला लिहिता येणार नाही. दारात कुणीतरी ओळखीचं आलं की माणूस जसा बघतो, तसा. हात त्यांनी काढला नाही. केनजी मशीन सोडून जवळ आला आणि वायर तपासायला लागला.

मग वहिनींनी हात बाहेर काढला, दुसऱ्या हाताने करंगळी धरली आणि माझ्याकडे पाहून अगदी साधेपणाने म्हणाल्या —

"बापू, तू पाह्य."

मला वाटलं त्यांना झिणझिण्या आल्या असतील, वायर उघडी असेल. त्यांना धीर यावा म्हणून मी लगेच हात घातला.

आत प्लॅस्टर नव्हतं.

मी शब्द तोलून लिहितो आहे. आत एक हात होता. कोमट, कोरडा, माणसाचा. तर्जनीच्या टोकाला घट्टा होता. दादा पोती स्वतः शिवायचे, दाभण त्या बोटाने ढकलायचे. त्या हाताने माझी चार बोटं धरली. घट्ट, एकदा. माझ्या हाताने, मला न विचारता, उलट पाच धरली... सवय! त्या हाताने माझा हात झटकल्यासारखा बाजूला केला आणि पुन्हा चार धरली. आणि मग माझी करंगळी धरली आणि धरून ठेवली.

मी वर पाहिलं. सहावा दिवा विझलेलाच होता.

मी हात ओढून घेतला. ओढताना काही अडलं नाही, सहज सुटला. मी दुपट्टा उचलला. खाली पाव भाजणाऱ्याचा पांढरा हात होता, बोटं सरळ, होता तसा. केनजीने आपला हात त्यावर ठेवला आणि दिवा लख्ख लागला. त्याने काढला, विझला. पुन्हा ठेवला, लागला. तो दिगंबरला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणते तो?"

"तो म्हणते, वायर बरोबर हाय. माणसाचं अंग टेकलं की दिवा लागतोच. नाई लागला म्हंजे तुमचा हात याले टेकलाच नाई."

मी दुपट्टा पुन्हा नीट टाकला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "चाळीस म्हनले ना?"

मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. दुपट्ट्याखाली माझी किती बोटं धरली गेली ते माझ्याशिवाय कुणालाही दिसणं शक्य नव्हतं. त्यासाठीच तर दुपट्टा असतो.

"तुमाले कसं..." मी म्हटलं.

"पाहुन्याकडून साठ घेतले असते काय त्याईनं? मले तं त्याच दिवशी जास्त वाटले होते. पन मी कायले बोलू?"

मग तिथेच, सरकीच्या रिकाम्या पोत्यांवर बसून, त्यांनी मला जे सांगितलं ते मला पस्तीस वर्षं एका घरात राहून ठाऊक नव्हतं. त्या नव्या नवऱ्या म्हणून आल्या तेव्हा आजोबा होते, वडील होते. त्यांच्यासमोर नवरा-बायकोने बोलायची सोय नव्हती. दादांनी त्यांना बाजारातली बोटं शिकवली होती. पाण्याचा तांब्या देताना, टॉवेल देताना, टॉवेलाच्या आड दोघांचं बोलणं व्हायचं. दोन बोटं म्हणजे यायला उशीर होईल. चार म्हणजे पाहुणे चार. आणि त्या माहेरी जायला निघाल्या की टॉवेल घेता घेता दादा करंगळी धरून ठेवायचे. सगळ्यांसमोर, तोंडाने आजोबांशी सरकीचा भाव बोलत.

"आत्ता बी तेच केलं," वहिनी म्हणाल्या. "सोडतच नोयते."

माझी करंगळी अजून कोमट होती. किंवा मला तशी वाटत होती, दोन्ही लिहून ठेवतो. पण एक मात्र नक्की. करंगळी धरली की माणसाने उठायचं नसतं, बसून बोलायचं असतं, हे मी लहानपणापासून बाजारात पाहत आलो होतो. मी बोललो. चांगलं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, पण मला आलं ते असं —

"वैनी, जीप रद्द करू काय? इसार बुडंल, पन..."

"किती दिला?"

"पाच."

त्यांनी क्षणभर विचार केला. "बुडू दे," म्हणाल्या.

दाराकडून पुंजाजींचा आवाज आला, "अरे, त्या वैनीले कोनी च्या तं पाजा, कवाची बोलून राह्यली ते." पाच-सात सेकंदांनी कर्ण्यानेही तेच सांगितलं, आणि वहिनी पदरात तोंड घालून हसायला लागल्या. मग रडल्या. मग चहा प्यायल्या.

त्या संध्याकाळी प्रदर्शन आवरलं. मी शक्य ती चौकशी केली. फळी भिंतीलगत होती, मागे माणूस सोडाच, मांजरही मावणार नाही. मी फीत घेऊन मोजलं, चार इंच. त्या दिव्यांची वीज बॅटरीची होती, केनजी म्हणाला तिचा हाताला काही पत्ता लागत नाही. मी तारेला बोट लावून पाहिलं, नाही लागत. वहिनींना भास झाला असेल, ठीक आहे, दुःखात माणसाला होतो. पण मला त्याच मिनिटाला, तसाच? आणि चाळीस हा आकडा? आणि दिवा? इंगेबाईला दिगंबरने सगळं सांगितलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिने विचारलं, तो हात तुम्हाला ठेवायचा आहे का. वहिनीच म्हणाल्या, "नको बाई, तो पाववाल्याचा हाय. त्याच्या घरच्याईले लागंन." दुपट्टा तेवढा घडी घालून परत घेतला.

याला पाच वर्षं झाली. मी हे दोन शिकलेल्या माणसांना आणि एका महाराजांना विचारून पाहिलं. शिकलेले म्हणाले मनाचे खेळ, महाराज म्हणाले मोह. दोन्ही मतं बरोबर असतील. विझलेल्या दिव्याबद्दल मात्र तिघांपैकी कुणी काही बोललं नाही. वहिनी आमच्याकडेच आहेत. त्या आता मागच्या खोलीत बसत नाहीत, गोदामाच्या दाराशी बसतात. व्यापारी समोर असला आणि माझं अडलं, की मी पाणी मागतो. त्या तांब्या देतात, टॉवेल देतात, आणि टॉवेलाखाली मला भाव कळतो. अजून तरी चुकलेला नाही. वर लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांची एकच दुरुस्ती होती — "भाडं साठ कायले लिवलं? चाळीस घेतलं ना आपुन."

तर हिशेब असा. ठरलेल्या साठांपैकी वीस रुपये मी अकरा तारखेलाच दिगंबरच्या हातात परत दिले. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, माझा सौदा दुसऱ्याशी झाला आहे. विजेचे त्यांनी वेगळे दिले, बरोबर होते. उरलेले चाळीस, दादांच्या दुपट्ट्याखाली, वहिनींच्या हातात.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दाराशी येऊन उभी राहिली. मी निरोप पाठवायचा विसरलो होतो. जीपवाला भला माणूस. फेरी नाही म्हटल्यावर त्याने खिशातून इसार काढला आणि म्हणाला, "शेठ, गेलोच नाई तं पैसे कायचे?"

मी घेतले नाहीत. पाच रुपये, जीपवाल्याला, कारंज्याला न गेल्याचे.